दरवर्षी शाकारायचे छत : टॅलिएसिन वेस्ट या वाळवंटी वसाहतीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, मॅकडॉवेल डोंगररांगेच्या पायथ्याशी, सोनोरन वाळवंटातील एका दगडाळ उतारावर वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३८ च्या आरंभी आपल्या विद्यार्थ्यांच्या हातांनी एक हिवाळी वसाहत बांधायला घेतली. ‘टॅलिएसिन वेस्ट’ या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. सेंद्रिय वास्तुरचनेचा, म्हणजे जागेच्याच घडणीतून उगवल्यासारख्या वाटणाऱ्या बांधकामाचा, ती मोठा नमुना मानली जाते. तिचे गुणवर्णन करणे हा या लेखाचा हेतू नाही. बांधणाऱ्यांना एकामागून एक कोणते निर्णय घ्यावे लागले, त्या त्या वेळी हाताशी दुसरे काय होते आणि त्यांतले कोणते निर्णय पुढे काळाने फिरवले, एवढेच येथे मांडायचे आहे. राइट यांचे नाव टाळता येण्यासारखे नाही. मात्र बांधकामावर राबलेल्या उमेदवारांचा, म्हणजे काम करत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा, उल्लेख नावाने केलेला नाही.

पार्श्वभूमी

राइट यांचा जन्म १८६७ चा. १९३२ मध्ये, वयाच्या पासष्टीत, त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील स्प्रिंग ग्रीन येथील आपल्या राहत्या घरी ‘टॅलिएसिन फेलोशिप’ हे वास्तुरचना शिकवणारे मंडळ सुरू केले. शुल्क भरून आलेली तरुण मंडळी तेथे नकाशे काढत, शेतात राबत, स्वयंपाकाच्या पाळ्या सांभाळत आणि गवंडीकाम व सुतारकामही करत. विस्कॉन्सिनचा हिवाळा कडक असतो. बर्फात सापडलेल्या त्या विस्तीर्ण घराला ऊब देण्यात मंडळाचा पैसा आणि मनुष्यबळ दोन्ही खर्ची पडत असे. १९३६ मध्ये राइट यांना न्यूमोनिया झाला आणि हिवाळे कोरड्या, उबदार प्रदेशात काढण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला. म्हणजे वाळवंटात जाण्याच्या मुळाशी कलेची ओढ होती तशी जळणाची आणि प्रकृतीची निकडही होती. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढचे अनेक निर्णय या निकडीशी बांधलेले आहेत.

ॲरिझोना त्यांना नवखे नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स येथील ॲरिझोना बिल्टमोर या हॉटेलच्या कामात त्यांनी सल्लागार म्हणून भाग घेतला होता. त्यानंतर चँडलर गावाजवळ ‘सॅन मार्कोस इन द डेझर्ट’ नावाचे एक मोठे विश्रामस्थान बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याचे नकाशे करण्यासाठी १९२९ च्या जानेवारीत ते आपले कुटुंब आणि आरेखनकार घेऊन वाळवंटात उतरले. भाड्याने घरे घेण्याऐवजी त्यांनी एका टेकाडावर स्वतःच एक छावणी उभारली. खालच्या भिंती साध्या फळ्यांच्या आणि वर ताणून बसवलेले तंबूचे कापड, अशी ती रचना होती. तेथील ओकोटिलो या काटेरी झुडपावरून छावणीचे नाव ‘ओकॅटिला’ पडले. त्या झुडपाला शेंड्यावर तांबडी फुले येतात, म्हणून पांढऱ्या कापडात काही त्रिकोण तांबडे बसवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला आणि विश्रामस्थान कागदावरच राहिले. छावणीही काही महिन्यांतच नाहीशी झाली. तरीही त्या उद्योगातून एक गोष्ट राइट यांच्या हाती लागली होती. वाळवंटातले प्रखर ऊन कापडातून गाळून आले की खोलीभर सावलीशिवायचा, दुधासारखा मऊ उजेड पसरतो आणि अशा उजेडात दिवसभर नकाशे काढता येतात. टॅलिएसिन वेस्टचे बी येथे पडले, असे माझे मत आहे.

१९३४-३५ च्या हिवाळ्यात सारे मंडळ चँडलरमध्ये एका भाड्याच्या जागेत राहिले आणि ‘ब्रॉडएकर सिटी’ या कल्पित नगररचनेची मोठी प्रतिकृती त्यांनी तेथेच घडवली. भाड्याच्या जागेत राहण्याचा अनुभवही अशा रीतीने जमेस होता.

समस्या

१९३७ मध्ये राइट यांनी फिनिक्सपासून सुमारे पंचवीस मैलांवर जमीन घेतली. दर एकरी साडेतीन डॉलर होता. काही जमीन विकत आणि काही भाडेपट्ट्याने मिळून शेवटी सुमारे ६०० एकर झाले. एवढ्या स्वस्तात जमीन मिळण्याचे कारण उघड होते. तेथे रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि जवळपासचे जाणते लोक सांगत होते की पाणीही नाही.

सोनोरन वाळवंट म्हणजे वाळूचे समुद्र नव्हेत. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वाळवंट म्हटले की राजस्थानातील थर वाळवंटाच्या वाळूच्या टेकड्या येतात. इथली जमीन मात्र खडकाळ, काटेरी आणि वनस्पतींनी भरलेली आहे. सग्वारो नावाचे माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग, चोया, पालो वेर्दे आणि मेस्कीट अशी झाडे विरळ पण सर्वत्र असतात. पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आगेमागे पडतो. तो दोन हंगामांत विभागलेला आहे, एक सौम्य हिवाळी पाऊस आणि दुसरा उन्हाळ्याच्या अखेरचा वादळी पाऊस. एरवी कोरडे पडलेले ओहोळ अशा वादळात काही मिनिटांत दुथडी भरून वाहतात आणि वाटेत येईल ते घेऊन जातात. हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि तेथेच राहतो.

बांधायचे होते ते दोन-तीन डझन माणसांसाठी. नकाशे काढण्याची मोठी शाळा, भोजनघर, राइट कुटुंबाचे घर, उमेदवारांच्या खोल्या आणि एकत्र जमण्याची जागा हवी होती. पैसा अपुरा होता. कुशल कारागीर जवळजवळ नव्हते, उत्साही पण नवशिके हात मात्र भरपूर होते. वापर वर्षातून पाच-सहा महिने, नोव्हेंबर-डिसेंबरपासून वसंतापर्यंत होणार होता. या सगळ्यावर एक अट राइट यांनी स्वतः घातली होती: जे उभे राहील ते त्या डोंगराचे वाटले पाहिजे, डोंगरावर आणून ठेवलेले वाटता कामा नये.

विचारात घेण्याजोगे पर्याय

गावात जागा भाड्याने घेणे हा पहिला पर्याय. तो आजमावून झाला होता आणि त्यात अडचण एकच होती. मंडळाचे शिक्षण बांधण्यातून चालत असे आणि भाड्याच्या घरात बांधण्याजोगे काही नव्हते.

दुसरा पर्याय अडोबीचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा. त्या प्रदेशात मातीच्या जाड भिंतींची परंपरा जुनी आहे. जाड भिंत दिवसाची उष्णता शोषते आणि रात्री सोडते, त्यामुळे हवामानाच्या दृष्टीने हा पर्याय भक्कम होता. पण या उतारावर माती थोडी आणि दगड अमाप होता. शिवाय त्या काळी ॲरिझोनात नक्कल स्पॅनिश धाटणीच्या घरांची लाट होती आणि राइट यांना ती मुळीच पसंत नव्हती. येथे एक आक्षेप नोंदवतो. एखाद्या धाटणीची नक्कल नापसंत असणे आणि त्या धाटणीमागचे साहित्य नाकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मातीच्या बांधकामाचा जेवढा कसून विचार व्हायला हवा होता तेवढा तो झाल्याचे दिसत नाही.

साच्यात घडवलेल्या नक्षीदार काँक्रीट ठोकळ्यांची पद्धत राइट यांनी १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या घरांत वापरली होती आणि बिल्टमोरमध्येही ती दिसते. ती नेमकेपणा मागते. नवशिक्या हातांना आणि पाण्याच्या टंचाईला ती झेपणारी नव्हती.

उरले दोन. एक, ओकॅटिलासारखी फळ्या-कापडाची हलकी छावणी पुन्हा उभारायची. ती स्वस्त आणि झटपट होती, पण रात्रीच्या थंडीला आणि वाऱ्याला तिच्याकडे उत्तर नव्हते. दुसरा, जमिनीतूनच निघालेल्या दगडांच्या जड भिंती आणि त्यांवर मांडवासारखे हलके, काढता-घालता येणारे छत अशी जोड रचना. शेवटी ही जोड रचना निवडली गेली. तिचा फायदा असा की दोन भागांची आयुर्मर्यादा मुळातच वेगळी धरलेली होती: भिंत पिढ्यांसाठी आणि छत हंगामासाठी.

केलेली कृती

पहिले काम पाण्याचे. विहीर खोदली नसती तर बाकी सगळे व्यर्थ होते, आणि खोदूनही पाणी लागले नसते तर पैसा बुडाला असता. सुरुवातीला पाणी बाहेरून वाहून आणावे लागे. अखेर जवळजवळ ५०० फूट खोलीवर पाणी लागले. हा निर्णय उत्साहाच्या भरात धोका पत्करून घेतलेला होता. जमीन विकत घेण्याआधी पाण्याची चाचणी घेणे हा शहाणपणाचा क्रम येथे उलटा झाला. तो निभावला, म्हणून योग्य ठरला असे म्हणता येणार नाही.

पहिल्या हिवाळ्यात मंडळी तंबूंत राहिली आणि राइट कुटुंबासाठी लाकूड-कापडाचा तात्पुरता निवारा उभा राहिला. नकाशे तेथेच, उघड्यावर तयार होत. पांढऱ्या कागदावरून उन्हाची तिरीप डोळ्यांत जाई म्हणून ते तपकिरी वेष्टणाच्या कागदावर काढले गेले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. हजार-दीड हजार मैल दूर विस्कॉन्सिनच्या मेजावर बसून या इमारतीची आखणी झाली असती तर कागद पांढरा राहिला असता आणि उजेडाचा प्रश्न नकाशात उतरलाच नसता.

भिंतीचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. उतारावर पडलेले दगड बहुतांशी क्वार्ट्झाइटचे, इतके कठीण की घडवणे अशक्यप्राय. टाकी लावली तरी हवा तसा छिलका निघत नाही. म्हणून दगड घडवायचा नाही, निवडायचा, असे ठरले. उमेदवार ओहोळांतून आणि टेकड्यांवरून एक बाजू सपाट असलेले दगड हुडकून आणत. तांबूस, पिवळट, करडे आणि जांभळट असे सगळे रंग त्यात होते. भिंतीच्या जागी लाकडी फळ्यांचा साचा उभा करून त्याच्या आतल्या अंगाला दगडाची सपाट बाजू टेकवून ठेवली जाई, काही दगड तर दोघांनाही न पेलणारे असत. मग मागच्या पोकळीत लहान दगड आणि वाळवंटातीलच वाळू घालून केलेले घट्टसर काँक्रीट भरले जाई. काँक्रीट ओघळून दगडाचा चेहरा झाकू नये म्हणून फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत. साचा काढल्यावर बोळे निघत, चुकून दगडावर आलेले काँक्रीट टोचून काढले जाई आणि रंग उघडा पडे. याच फळ्या पुढच्या भिंतीला पुन्हा लागत.

या पद्धतीत कौशल्याची जागा वेळेने आणि निवडीने घेतली आहे. एखादा पट्टीचा पाथरवट जे काम टाकीने करतो ते येथे नवशिक्या मुलाने डोळ्यांनी केले: हजार दगडांतून हवा तो उचलला. भिंती तळाशी रुंद आणि वर निमुळत्या, म्हणजे बाहेरून कललेल्या घेतल्या. त्यामुळे साचा सुटताना अडत नाही, भिंत स्थिर राहते, आणि दुरून पाहिले तर तिचा कल मागच्या डोंगराच्या उतारांशी मिळतो. एकाच कललेल्या रेषेतून बांधकामाची सोय, भिंतीची मजबुती आणि डोंगराशी मेळ असे तिन्ही हेतू साधले गेले आहेत. माझ्या मते सुसंगतीची खरी खूण ही आहे; डोंगराचा आकार वरवर उचलून घेतला असता तर ती साधली नसती.

इमारतीची एकूण मांडणी लांबट आणि बुटकी ठेवली गेली. नकाशाशाळा जवळजवळ शंभर फूट लांब आहे आणि तिच्या कडेने एक लांब ओसरीवजा वाट जाते. पुढे जहाजाच्या नाळेसारखा त्रिकोणी ओटा आणि पाण्याचे छोटे कुंड खालच्या दरीकडे तोंड करून आहेत. वाळवंटात सलग सरळ रेषा कोठेच दिसत नाही, असे राइट यांचे निरीक्षण होते. काट्यांनी, पानांनी आणि खडकांनी तेथली प्रत्येक कड तुटक झालेली असते. म्हणून तुळयांची टोके आणि पट्ट्या दातेरी केल्या गेल्या. ऊन चढले की त्या दात्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि इमारतीची कड चोयाच्या फांदीसारखी ठिपक्याठिपक्यांची होते. सग्वारोकडूनही त्यांनी धडा घेतला. त्याच्या खोडाला उभ्या कड्या असतात, आतही लाकडी बरगड्यांचा सांगाडा असतो आणि पाऊस पडला की खोड त्या कड्यांच्या घड्या उलगडत फुगते. कमी साहित्यात उंच उभे राहण्याची ती युक्ती आहे.

आता छत. तांबूस रेडवुड लाकडाच्या मोठ्या तिरक्या तुळया ठरावीक अंतरावर टाकल्या आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत लाकडी चौकटींवर ताणलेले पांढरे कापड बसवले. काही चौकटी उघडता येत, म्हणजे ऊन आणि वारा हवा तेव्हा आत घेता येई. वसंत संपला की मंडळी विस्कॉन्सिनला परत जात आणि छताचे कापड उतरवले जाई. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा चढे आणि विरलेले बदलले जाई.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी घर शाकारत. कौले उतरवून वासे-रिपा तपासायच्या, फुटकी कौले बदलायची, गवताचे छप्पर असेल तर नवा गवत-पेंढा घालायचा. शाकारणी चुकली याचा अर्थ घर वाईट बांधले असा कोणी घेत नसे, घरमालकाने आपले काम केले नाही असा घेत. टॅलिएसिन वेस्टच्या छताची मूळ कल्पना याच जातीची होती. छप्पर दरवर्षी नवे होणार हे गृहीत धरूनच ते आखले होते. त्यामुळे ते हलके, स्वस्त आणि उजेड गाळणारे होऊ शकले. या प्रकरणातील सर्वांत धाडसी निर्णय मी यालाच मानतो, आणि पुढे नेमका हाच निर्णय मागे घ्यावा लागला.

एक खोली मात्र वेगळी होती. एकत्र बसून चित्रपट पाहण्यासाठी आणि कार्यक्रमांसाठी ‘किव्हा’ नावाचे सगळे दगडी, बंदिस्त दालन बांधले गेले. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या प्युब्लो लोकांच्या विधीगृहांवरून हे नाव घेतले आहे. कापडाखाली अंधार करता येत नाही आणि रात्रीची ऊब धरून ठेवता येत नाही. छताच्या कल्पनेची मर्यादा बांधणाऱ्यांना आरंभापासून ठाऊक होती, याचा हा दालनरूप पुरावा आहे.

परिणाम

१९४१ पर्यंत वसाहतीचा मुख्य भाग उभा राहिला. दगडी भिंतींनी आपले काम चोख केले, आणि आठ दशकांनंतरही त्या जागच्या जागी आहेत.

छताची कथा निराळी. वाळवंटातले ऊन कापड झपाट्याने कुजवते, पाऊस आला की ते गळते आणि वारा सुटला की फडफडते. दर हंगामाला नवे कापड म्हणजे दर हंगामाला खर्च आणि श्रम. १९४० च्या दशकात मधूनमधून काच येऊ लागली आणि पुढील काळात कापडाच्या जागी पारभासक प्लास्टिक व फायबरग्लासचे पत्रे बसले. रेडवुडही कोरड्या हवेत तडकते, त्यामुळे काही तुळयांच्या जागी पुढे पोलाद आले. काचेने वारा आणि धूळ थांबवली, दरीचे दृश्य अखंड केले आणि राहणे सुसह्य केले. त्याच वेळी छावणीपण कमी झाले. आत-बाहेर यांच्यामधला पडदा घट्ट झाला.

काचेच्या या संक्रमणातला एक क्षण जवळून पाहण्याजोगा आहे. एका ठिकाणी काच बसवायची होती आणि तेथे दगडी कडेवर एक मातीचे भांडे ठेवलेले होते. साधा उपाय म्हणजे भांडे हलवणे. राइट यांनी भांडे जागेवर ठेवून काचेला त्याच्या आकाराचे गोल भोक पाडून घेतले. काच भांड्याभोवतीने गेली. भांडे अर्धे आत, अर्धे बाहेर राहिले. आधी जे जागेवर आहे त्याचा मान राखायचा आणि नव्याने येणाऱ्याने वळसा घ्यायचा, हे तत्त्व वीतभर काचेत उतरले. मोठ्या प्रमाणावर मात्र हेच तत्त्व नेहमी पाळता आले नाही.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस दरीतून उच्च दाबाच्या वीजवाहिन्या टाकण्यात आल्या आणि त्रिकोणी ओट्यावरून दिसणाऱ्या दृश्यावर तारा आडव्या आल्या. वाहिन्या जमिनीखालून न्याव्यात असा राइट यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत दाद मागितली, पण त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. जागा सोडून दुसरीकडे नव्याने सुरुवात करण्याचा विचारही झाला. शेवटी ते राहिले आणि त्यांनी वसाहतीचे तोंड फिरवले: प्रवेश मागच्या बाजूने, डोंगराकडून घेतला आणि दरीकडे पाठ केली. या संपूर्ण प्रकरणात हा निर्णय मला सर्वांत प्रौढ वाटतो. तो पराभवातून आला होता, तरीही उरलेल्या गोष्टीचे, म्हणजे डोंगराचे, मोल त्याने वाढवले.

दरी पुढे भरतच गेली. १९५० मध्ये स्कॉट्सडेल हे वसाहतीजवळचे सुमारे २,००० वस्तीचे गाव होते. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २.४ लाख झाली. डोंगराकडची बाजू मोकळी राहिली ती वेगळ्या कारणाने. १९९५ मध्ये स्कॉट्सडेलच्या नागरिकांनी स्वतःवर विक्रीकर लावून घ्यायला मतदान केले आणि त्या पैशांतून मॅकडॉवेल डोंगरातील जमीन संरक्षित क्षेत्रासाठी विकत घेणे सुरू झाले. आज ते क्षेत्र ३०,००० एकरांहून मोठे आहे. एका वास्तुरचनाकाराची सहाशे एकरांची मालकी जे करू शकली नाही ते करदात्यांच्या मतपेटीने काही अंशी केले.

राइट १९५९ मध्ये वारले. वसाहतीला १९८२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये राइट यांच्या इतर सात वास्तूंसोबत तिची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. येथून निघालेल्या धाग्यांपैकी एक भारतातही आला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस राइट यांच्याकडे शिकलेल्यांत गिरा साराभाई होत्या. पुढे बंधू गौतम यांच्यासह त्यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची पायाभरणी केली.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा छताचा. कापडी छत फसले असे म्हणणे मला मान्य नाही. छत आखताना शाकारणी गृहीत धरली, पण शाकारणीची व्यवस्था आखली नाही, ही खरी उणीव होती. कापड किती हंगाम टिकेल, बदलायला किती हात आणि किती दिवस लागतील, राइट नसतील तेव्हा हे काम कोणाच्या अंगावर पडेल, याचा हिशेब नकाशाबरोबरच करायला हवा होता. तो झाला असता तर बदल एकेका गळतीच्या निमित्ताने न होता ठरवून झाला असता. कोणत्या खोल्यांना कापडच ठेवायचे आणि कोणत्या बंद करायच्या, हे किव्हाच्या वेळी जसे स्पष्ट ठरले तसेच प्रत्येक दालनाबाबत ठरवता आले असते. जतनाचे काम करणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न कठीण होऊन उभा आहे: जतन करायचे ते १९४० चे कापड की १९५० नंतरचे प्लास्टिक? मूळ वस्तू जपायची झाली तर ती वस्तू दरवर्षी बदलणारी होती.

दुसरा मुद्दा उन्हाळ्याचा. ही इमारत वाळवंटाशी सुसंगत आहे, हे विधान नोव्हेंबर ते एप्रिल या काळापुरते खरे आहे. सर्वांत कठीण महिन्यांत तिचे रहिवासी हजार-दीड हजार मैल दूर असत. तिच्या पारभासक छताची नक्कल करून बारमाही निवासाचे घर उष्ण प्रदेशात बांधले तर मे महिन्यात त्यात बसवणार नाही. तिच्या भिंतीतून शिकण्यासारखे बरेच आहे. छत उचलताना मात्र ते ज्या स्थलांतराच्या चक्राचा भाग होते तेही सोबत आहे का, हे आधी विचारावे.

तिसरा मुद्दा श्रमांचा. दगड निवडून भिंत रचण्याची पद्धत स्वस्त होती, कारण उमेदवार मजुरी घेत नव्हते, उलट शुल्क भरत होते. त्यांतल्या कित्येकांना हा आयुष्यभर पुरणारा अनुभव वाटला असेल, पण खर्चाच्या हिशेबात ते श्रम शून्य धरणे चूक आहे. ‘स्थानिक साहित्य, कमी खर्च’ असे या पद्धतीचे वर्णन वाचले की मी आता दगड कोणी वाहिले हे आधी पाहतो.

शेवटचा मुद्दा एका शिळेचा. या भूमीवर युरोपीय येण्याच्या शतकानुशतके आधी होहोकाम लोक राहत होते. आजचे ओ’ओडम लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. त्यांनी खडकांवर कोरलेली चित्रे उमेदवारांना डोंगरात सापडली. अशा काही शिळा वसाहतीत आणून बसवल्या गेल्या आणि एका शिळेवरील चौकोनी, एकात एक गुंफलेल्या नागमोडी रेषांचे चिन्ह पुढे टॅलिएसिनची ओळख बनले. त्यामागे आदर होता याबद्दल मला शंका नाही. पण ज्या जागेशी मेळ राखण्यासाठी एकही दगड घडवला गेला नाही, भांडे हलवू नये म्हणून काच कापली गेली, त्याच जागेतली माणसाच्या हातची सर्वांत जुनी खूण मात्र तिच्या ठिकाणाहून उचलली गेली. ती ज्या ठिकाणी होती तेथेच राहू देऊन वसाहतीतून तिच्यापर्यंत पायवाट काढता आली असती, आणि ती कोणाची आहे हे त्यांच्या वंशजांना विचारता आले असते. ती शिळा आता प्रवेशाच्या अंगणात उभी आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यापाशी थांबूनच आत जातो.